मावशी खुडूक बसली

“ही भ्यालीया न्हवं रं?” हौसाआत्यानं विचारलं.

तिच्या एका हातात तांबडी कोंबडी उलटी लटकत होती आणि दुसऱ्या हाताचं बोट मिश्रीसकट तोंडात होतं. मिश्री लावताना आत्या जे बोलायची ते अर्धं तिचं असायचं आणि अर्धं तंबाखूचं. मी नुकताच स्कूटरवरून उतरलो होतो आणि पोत्यातून कुत्री बाहेर काढत होतो. बाहेर आल्याआल्या ती अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि पाय पोटाशी घेऊन, फाटकाकडं बघत थरथरायला लागली.

“होय,” मी म्हणालो.

“किती?”

“बरीच.”

आत्यानं बोट तोंडातून काढलं. कोंबडीही तेवढ्यापुरती गप्प झाली.

“आणि मग?”

“मग काय? दोन-चार दिवसांत विसरेल. जनावरच शेवटी.”

आत्या थुंकली. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बापावर गेलास.” माझे वडील सज्जन गृहस्थ आहेत, त्यामुळं मी ते कौतुक समजून खिशात घातलं.

हे आठ वर्षांपूर्वीचं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात माझे चार विषय राहिले होते. हॉस्टेलनं सांगितलं, सुट्टीत घरी जा. घरच्यांनी सांगितलं, सुट्टीत आत्याकडं जा. आत्याचं घर माळवाडीला, आजऱ्याच्या अलीकडं. वाटेत हमरस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. रविवार होता, कामावर कुणी नव्हतं. शेजारची चहाची टपरीसुद्धा ताडपत्री ओढून बंद. ओळीनं टाकलेल्या सिमेंटच्या पाइपांतून वारा चूंचूं करत होता. मी पाणी प्यायला थांबलो आणि ही आली. बरगड्या लांबून मोजाव्यात अशी. माझा बिस्किटांचा अख्खा पुडा तिनं कागदासकट खाल्ला आणि लगेच मागं वळून चालायला लागली.

मला भरून आलं. एवढं हडकलेलं जनावर, भर उन्हात, ओसाड रस्त्यावर! मी तिथलंच सिमेंटचं रिकामं पोतं घेतलं, तिला मानेपर्यंत त्यात घातलं आणि स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून बसलो. तिनं माझ्या मनगटाला दात लावले. रक्त नाही काढलं, नुसते टेकवले आणि सोडले. मी तो होकार समजलो. पस्तीस किलोमीटर ती मागं बघत आली, सासरी निघालेल्या नवरीसारखी. हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं. लोक हसायचे.

तोवर माझ्या नावावर चांगलं असं काहीच नव्हतं. शाळेत एकदा वक्तृत्वात तिसरा आलो होतो, पण स्पर्धक तीनच होते. ही कुत्री जगली, रुळली, आत्याच्या घरी राहिली, तर मी एक जीव वाचवलेला माणूस ठरणार होतो. नाहीतर चार विषय राहिलेला. मी तिचा फोटो ‘एक जीव वाचवला’ म्हणून स्टेटसला टाकला, तेव्हा ज्यांनी मला दोन वर्षं ओळख दाखवली नव्हती त्यांनीसुद्धा हात जोडले. म्हणजे परतीचा रस्ता बंद झाला होता.

नाव ठेवलं मावशी. हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी अशाच, कुणाकडंही न बघता, भिंतीपलीकडं कुठंतरी नजर लावून बसायच्या.

“घरात आत्या हाय न्हवं? मग मावशी कशाला आणलास?” आत्या म्हणाली.

“माय मरो, मावशी जगो, म्हणतात ना आत्या.”

“म्हंतात. पर मुद्दाम तसं करत न्हाईत कोण.”

मला कळलं नाही. आत्याचे निम्मे विनोद मला कळायचे नाहीत, आणि उरलेले निम्मे विनोद नसायचे.

मग तिनं अट सांगितली. तांबडी खुडूक झाली होती. म्हणजे अंडी घालायचं बंद करून, आता बसीन तर अंड्यांवरच, असा हट्ट धरून बसली होती. आत्यानं तिच्याखाली अकरा अंडी मांडली होती, भुसा घातलेल्या पाटीत, खुराड्याशेजारी.

“एकवीस दिस,” आत्या म्हणाली. “पिल्लं निघंपतोर एका जरी कोंबडीचं पीस हिच्या तोंडात दिसलं, तर तू आणि ही, दोगंबी एकाच गाडीनं परत. आणि ही माझ्या पाटीजवळ जरी गेली, तरी त्येच.”

“आत्या, मी तिला शिकवीन.”

“तू आदी शीक. चार राहिल्यात न्हवं?”

मी शिकवायला घेतलं. भिंतीवर कोळशानं तक्ता काढला. पहिले तीन दिवस कुत्री साखळीला आणि कोंबड्या जाळीपलीकडं. आधी कुत्रीचं पोट भरायचं, मग खुराड्याचं दार उघडायचं. चौथ्या दिवशी साखळी हातात धरून तिला जाळीभोवती फिरवायचं. तिनं कोंबड्यांवरून नजर काढली की भाकरीचा तुकडा. कोंबड्या पळायला लागल्या की आपण थांबायचं, कारण पळणारी कोंबडी बघून साधूचंसुद्धा मन चळतं. कुत्रीचं ताट कोंबड्यांपासून दूर. दिवस मावळला की खुराड्याला कडी, बाहेर दगड. यातलं निम्मं आत्याचं होतं, पण तक्त्यावर अक्षर माझं होतं.

शेजारचे रवळूतात्या रोज कुंपणावर हात टेकून हा वर्ग बघायचे. ते पंचवीस वर्षं लाइनमन होते, त्यामुळं कुठलीही गोष्ट लांबून बघायची त्यांना सवय होती.

“पावणं, असलं काय करू नगा,” ते म्हणाले. “एक मेलेली कोंबडी हिच्या गळ्यात बांदा. आठ दिस काडू नगा. जल्मात कोंबडीकडं बगणार न्हाई.”

“मेलेली कोंबडी आणायची कुठून, तात्या?”

“ही मारंल की.”

पण मावशी मारत नव्हती. मारणं सोडा, बघतही नव्हती. पाचव्या दिवशी मी जाळी काढली. बारा कोंबड्या तिच्या अंगाखांद्यावरून गेल्या. आमचा कोंबडा फौजदार तिच्या साखळीवर चढून बसला, नंतर तिच्या ताटातली भाकरी खाल्ली आणि निघताना तिच्या कपाळावर एक टोच मारून गेला. मावशीनं डोळे मिटून घेतले आणि उघडले. तोंड फाटकाकडंच.

“कुत्र्यापासनं कोंबडी वाचवायची म्हनलं हुतं,” तात्या म्हणाले. “हितं उलटंच दिसतंय. फौजदाराला बांदा.”

मी तक्त्यावर स्वतःला दहापैकी दहा दिले. एकच अडचण होती. ती मावशी म्हटलं तर वळून बघायची नाही, आणि दोनदा पट्ट्यातून मान काढून पळाली. दोन्ही वेळा हमरस्त्याच्या दिशेनं. दोन्ही वेळा तात्यांनी ओढ्याजवळून धरून आणली. मी पट्टा एक भोक घट्ट केला आणि सगळ्यांना सांगितलं, स्वतंत्र वृत्तीची आहे.

आत्या मात्र तिला सकाळ-संध्याकाळ वाडगाभर ताक-भाकरी घालायची आणि माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटलं, चार विषयांचा राग आहे.

नवव्या दिवशी सकाळी मला आरडाओरड्यानं जाग आली. तांबडी न्हाणीच्या कौलांवर उभी राहून बोंब मारत होती. खाली साखळी पडलेली, पट्टा तसाच बांधलेला, पट्ट्यात मान नाही. आणि खुराड्याशेजारची पाटी रिकामी. नुसता भुसा. मधे तांबडीच्या अंगाचा गोल खळगा.

आत्या पाटीसमोर उभी होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

“पिशवी भर,” ती म्हणाली.

“आत्या, टरफलं नाहीत बघ! खाल्ली असती तर टरफलं तरी...”

“टरफलाला कॅल्शम असतं,” तात्या कुंपणावरून म्हणाले. “तीबी खाल्ली.”

“नऊ दिवसांत तिनं एका कोंबडीकडं वळून बघितलं नाही, तात्या!”

“अंड्याला बगत हुती. कोंबडीत काय हाय?”

मी पिशवी भरायला वळलो. खरंच वळलो. मनात स्टेटस बघून हात जोडलेल्यांना काय सांगायचं याचा विचार चालू होता. तेवढ्यात न्हाणीतून गुरगुर ऐकू आली.

न्हाणीत पाणी तापवायची चूल होती. तिच्या मागं राखेचा ढीग, रात्रीची ऊब धरून असलेला. मी वाकून बघितलं. मग आत्या वाकली. मग तात्या कुंपण ओलांडून आले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच लांबून न बघता, आणि तेही वाकले.

राखेत मावशी गोल वळून झोपली होती. तिच्या पोटाशी अंडी होती. मी मोजली. अकरा. एकालाही तडा नाही. तिनं ती तोंडातून एकेक करून आणली होती, अकरा खेपा घालून. आम्ही बघत असताना तिनं एक अंडं जिभेनं चाटलं, नाकानं ढकलून पोटाजवळ घेतलं आणि आमच्याकडं बघून पुन्हा गुरगुरली.

“आयला,” तात्या हळूच म्हणाले. “खुडूक झालीया!”

मला हसू आवरेना. तात्यांनाही आवरेना. “हौसाक्का, आता हिच्याकडनंच काडून घ्या पिल्लं! भुंकणारी कोंबडी न्हाईतर अंडी देनारी कुत्री, कायतरी एक निगंल!” मी मोबाइल काढला. माझं शिकवणं इतकं पुढं जाईल असं मलाही वाटलं नव्हतं. मी म्हणालो, “आत्या, बघितलंस? कोंबड्यांची राखण कर म्हटलं, तर ही थेट अंड्यापासून...”

“गप,” आत्या म्हणाली.

ती राखेत उकिडवी बसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिनं मावशीला हात लावला. मावशीनं दात दाखवले. आत्यानं हात तसाच ठेवला. मग हळूच पोटाखाली नेला आणि बाहेर काढून मला दाखवला. बोटं ओली होती. पांढरी.

“अजून दूद गळतंय हिला,” आत्या म्हणाली. “अंड्यास्नी पाजाय बसलीया ही.”

“कसलं दूध?”

“कसलं म्हंजे? व्यालेल्या कुत्रीला कसलं दूद असतंय?”

“ती कधी व्याली?”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. पण मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“आल्या दिशी इचारलं न्हवतं व्हय मी? व्यालीया न्हवं म्हणून? तू म्हटलास, व्हय.”

“तू भ्यालीय म्हणालीस.”

“व्यालीया म्हटलं मी.”

“भ्यालीय. घाबरलीय का, असं...”

“व्यालीया. किती म्हणून इचारलं. तू म्हटलास बरीच. आणि मग, पिल्लांचं काय, म्हणून इचारलं, तर म्हटलास, इसरंल दोन-चार दिसांत, जनावरच शेवटी.” आत्याचा आवाज उतरत उतरत गेला. “मला वाटलं, वड्यात सोडून आलास. नऊ दिस मी तुज्या हातचा च्या प्याली न्हाई, इंद्या. तुला ठाऊकच न्हवतं?”

तात्यांनी टोपी काढली. का काढली कुणास ठाऊक.

मला आधी काहीच वाटलं नाही. डोक्यात नुसतं व आणि भ फिरत होतं. मग एकेक गोष्ट आपोआप उलटी व्हायला लागली. बिस्किटं खाऊन लगेच मागं वळलेली ती. मनगटावर टेकवलेले दात. मागं बघत केलेले पस्तीस किलोमीटर. ओढ्यापर्यंत दोनदा पळणं. फाटकाकडं लावलेलं तोंड. आणि पाइपांतून चूंचूं करणारा वारा. त्या दिवशी वारा नव्हता.

“आत्या,” मी म्हणालो, “ती पाइपात आहेत.”

आत्यानं पदराचा ओचा केला आणि मावशीच्या पोटाखालून एकेक अंडं काढायला लागली. “दे बाई. ही तुजी न्हवंत. दे मला,” असं म्हणत, लहान पोरीच्या हातातून विळी काढून घ्यावी तसं. अकराव्या अंड्याला मावशीनं गुरगुरणं सोडलं.

या खेपेला पोतं लागलं नाही. मी स्कूटर चालू केली तशी ती स्वतःहून पुढं चढली आणि पाय रोवून बसली. पस्तीस किलोमीटर तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

काम पुढं सरकलं होतं. पाइपांची ओळ निम्मी उरली होती. उरलेली निम्मी चरात उतरवून वर माती ओढलेली, वरून रोलर फिरलेला. स्कूटर थांबायच्या आत मावशीनं उडी मारली. ती सपाट मातीवर इकडून तिकडं पळाली, एका जागी थांबली आणि पुढच्या दोन पायांनी उकरायला लागली. मी तिथंच उभा.

“गंगे!”

टपरी आज उघडी होती. आतून हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बाई हाक मारत होती. नऊ दिवस मी ‘मावशी, मावशी’ म्हणून घसा कोरडा केला होता, पण कान हलला नव्हता. या एका हाकेला ती गर्रकन वळली आणि धावत सुटली.

मी टपरीपाशी पोचलो तेव्हा बाकड्याखाली बिस्किटांचं एक खोकं होतं आणि ती त्यात होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. आतून चूंचूं येत होतं.

“बसा, बसा,” म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “कुठं घावली तुमास्नी ही? आमची गंगी. ह्या काशव्वाच्या टपरीवरच वाडली. पैल्यांदाच व्याली आणि रईवारी गायब! सोमवारी मी टपरी उगाडली, तर पाइपात वरडणं चाललेलं. पाइप उतरवायच्या आत मानसांनी पाच काडली. दोन मंगळवारी गेली. एक बेस्तरवारी. कापसाच्या वातीनं दूद पाजतोय ह्या दोगास्नी. घोट घोट. आईबिगर किती दिस चालनार ते?”

“गाडीखाली वगैरे आली असेल असं वाटलं असेल तुम्हाला,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

“न्हाई वो! शेरडं राखणाऱ्या बाईनं बगिटलं. एक स्कूटरवाला आला आणि पोत्यात कोंबून घेऊन गेला. दिवसाढवळ्या! आईवरनं लेकरं तोडली. असल्याचं हात झडतील बगा, लिवून ठेवा.” तिनं गाळणीतून चहा ओतला आणि ग्लास माझ्या हातात दिला. “आणि एक तुमी. एवड्या लांबनं आणून पोचवलासा. देवमाणूस हायसा.”

चहा गरम होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी देवमाणूस म्हणत होतं. काही करायची गरज नव्हती. फक्त चहा प्यायचा, स्कूटरला किक मारायची. स्कूटर टपरीच्या आडोशाला होती, तिला दिसतही नव्हती. घरी जाऊन स्टेटस टाकता आलं असतं, आई आणि पिल्लांची भेट घडवली. पुन्हा सगळ्यांनी हात जोडले असते.

मी ग्लास बाकड्यावर ठेवला.

“काशव्वा, तो स्कूटरवाला मीच.”

शिवी दिली असती तर मी घेतली असती. तिनं ग्लास उचलला, चहा रस्त्यावर ओतला, ग्लास दोनदा विसळला आणि पालथा घातला. मग खोक्याकडं तोंड करून बसली, माझ्याकडं पाठ करून.

खोक्यात गंगी आता पूर्ण आत होती. दोन पिल्लं तिच्या पोटाला चिकटली होती. ती त्यांना चाटत होती, नाकानं ढकलून जवळ घेत होती, सकाळी राखेत करत होती तसंच. मधेच ती उठून खोक्याचे चारही कोपरे हुंगायची. प्रत्येक कोपरा. मग पुन्हा बसायची.

माळवाडीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तांबडी पाटीत परत बसली होती, सकाळी काहीच घडलं नसल्यासारखी. भिंतीवर माझा तक्ता होता, दहापैकी दहा. आत्या उंबऱ्यावर मिश्री लावत होती. मला एकट्याला येताना बघून ती उठली. न्हाणीत जाऊन खळखळून चूळ भरली, तोंड पदरानं पुसलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मगच विचारलं. एकेक अक्षर सुटं करून.

“किती?”

“दोन,” मी म्हणालो.

“हुती किती?”

“पाच.”